फळांच्या बिअर, हॉपच्या नव्या जाती आणि दोन ब्रुअऱ्यांचं एकत्र काम: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरातल्या एका मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतो. बाहेरगावच्या ब्रुअऱ्यांबरोबर मिळून आम्ही पेरू, जांभूळ, संत्रं यांच्या बिअर करू लागलो, तेव्हापासून प्रश्नांची रीघ लागली आहे. रामबागेतल्या काकांपासून पुण्याला स्थायिक झालेल्या भाच्यांपर्यंत सगळे विचारतात, आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. आपल्या मध्य प्रदेशात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, त्याखालच्यांनी हे फक्त माहिती म्हणून वाचावं.

१. दुकानात मिळणाऱ्या बिअरपेक्षा ही वेगळी कशी?

मूळ चार वस्तू त्याच: पाणी, माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली), हॉप आणि यीस्ट. मोठ्या कारखान्यातली लागर लाखो लिटरच्या हिशोबात होते. ती हलकी राहावी आणि स्वस्त पडावी म्हणून तिच्यात बहुधा तांदूळ, मका किंवा साखरही असते. मग ती गाळतात, पाश्चराइज करतात, आणि ती महिनोन्‌महिने दुकानात टिकते. आमच्याकडची टाकी लहान, बिअर ताजी आणि बहुतेक वेळा न गाळलेली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि आपल्यापैकी अनेकांची या प्रकाराशी पहिली ओळख पुण्याच्या नातेवाइकांकडे गेल्यावरच झाली. लहान टाकीचा खरा फायदा असा, की एखादा प्रयोग फसला तर नुकसान सोसण्याइतकं असतं. म्हणूनच फळं आणि नवे हॉप आमच्यासारख्यांकडे आधी येतात.

२. हॉप म्हणजे फळ, फूल की मसाला?

फूल. हॉप ही वेल आहे, भांगेच्या कुळातली. तिची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बिअरला लागतात ती मादी वेलीची हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडं. ताजं बोंड मधोमध उकललं की खवल्यांच्या बुडाशी पिवळी धमक पूड दिसते. ती बोटाला चिकटते आणि वास तासभर जात नाही. तिचं नाव लुपुलिन, आणि बिअरमधलं हॉपचं जे काही असतं ते जवळजवळ सगळं तिच्यातच.

त्या पुडीत दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक अल्फा आम्लं: ती उकळल्यावर रूप बदलतात आणि कडवटपणा देतात. दुसरी सुगंधी तेलं: ती उकळताना उडून जातात. म्हणून कडू करायचं असेल तर हॉप सुरुवातीला घालून तासभर उकळायचा, आणि वास हवा असेल तर अगदी शेवटी, किंवा बिअर थंड झाल्यावर टाकीत घालायचा. डाळीवर शेवटी घातलेल्या फोडणीचा वास जसा वर राहतो, तसंच हे. थंड बिअरमध्ये हॉप घालण्याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. हा शब्द पुढे पुन्हा येईल.

३. मेनूवर फळाचं नाव नाही, तरी बिअरला आंब्याचा वास येतो. एसेन्स घालता का?

हा सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. नाही, एसेन्स घालत नाही. तो वास हॉपचा असतो.

हॉपमध्ये मायरसीन नावाचं तेल भरपूर असतं, आणि तेच आपल्या अनेक आंब्यांतही असतं. लिनालूल आणि जेरॅनिऑल फुलांचा, लिंबूवर्गीय फळांचा वास देतात. याखेरीज थायॉल नावाची गंधकयुक्त संयुगं असतात. ती इतकी तीव्र की लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. पिकलेल्या पेरूचा, पॅशनफ्रूटचा, ग्रेपफ्रूटचा जो ओळखीचा वास आहे, त्यामागे ही थायॉलच असतात. म्हणजे ‘पेरूसारखा वास’ असं आपण म्हणतो तेव्हा तो केवळ भास नसतो, वस्तू खरोखर एकच असते.

यात यीस्टचाही हात आहे. आंबताना ते हॉपमधल्या जेरॅनिऑलचा काही भाग सिट्रोनेलॉलमध्ये बदलतं, आणि बांधून राहिलेली थायॉल थोडीफार मोकळी करतं. त्यामुळे एकच हॉप दोन वेगळ्या यीस्टबरोबर घातला तर दोन वेगळ्या बिअर होतात.

४. ‘नव्या जातींचे हॉप’ म्हणजे कोणते? नावं सांगा.

नवं-जुनं हे सापेक्ष आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये कॅस्केड आला आणि हॉपला ग्रेपफ्रूटसारखा वासही असू शकतो हे ब्रुअरांना पटलं. त्याआधी हॉपकडून अपेक्षा असायची ती गवताच्या, मातीच्या, मसाल्याच्या वासाची. खरी उलथापालथ केली ती २००७-०८ मध्ये बाजारात आलेल्या सिट्राने. आंबा, लिची, लिंबू, सगळं एका बोंडात. त्यानंतर २०१२ मध्ये मोझेक आला. तो सिमको या जातीची लेक, आणि त्याला आंब्याबरोबर ब्लूबेरीची छटा आहे. त्याच वर्षी जर्मनीतून मंदारिना बव्हेरिया आणि ह्युएल मेलन आले. ऑस्ट्रेलियाचा गॅलक्सी २००९ चा, पॅशनफ्रूटकडे झुकणारा. न्यूझीलंडचा नेल्सन सोविन २००० चा, पण त्याचा पांढऱ्या द्राक्षांसारखा वास आजही नवाच वाटतो.

अगदी अलीकडची पिढी म्हणजे २०१८ चा साब्रो, ज्याच्या घराण्यात अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचे रानटी हॉप आहेत आणि ज्याला चक्क ओल्या नारळाचा वास येतो. न्यूझीलंडचा नेक्टारॉन २०२० चा, अननस आणि पीचचा. आणि एचबीसी (हॉप ब्रीडिंग कंपनी) ५८६, जो बरीच वर्षं नुसत्या आकड्याने ओळखला जात होता आणि आता क्रश या नावाने मिळतो; त्यात आंबा आणि पेरू दोन्ही आहेत. माझं मत विचाराल तर आपल्या जिभेला सगळ्यात जवळचा हाच.

५. हे आकडे कसले? आणि एक जात तयार व्हायला इतकी वर्षं का लागतात?

संकरातून हजारो रोपं उगवतात. त्यांना नाव नसतं, नंबर असतो. सिट्रा म्हणजे एकेकाळचा एचबीसी ३९४, मोझेक म्हणजे ३६९. दरवर्षी रोग लागलेली, कमी पिकणारी, वास नसलेली रोपं काढून टाकत नेतात, आणि चांगलं रोप हाती लागलं तरी शेतात पसरवायला पुन्हा काही वर्षं जातात. दहा वर्षं तर सहज. सिट्राचा मूळ संकर १९९० मधला आहे, यावरून अंदाज येईल.

बहुतेक नव्या जातींवर पैदासकारांचे हक्क असतात, म्हणजे कोणत्याही शेतकऱ्याने वेल आणून लावली असं चालत नाही. त्यामुळे पीक मोजकं, आणि ते आधीच करारांनी बांधलेलं. इंदुरातल्या एकट्या छोट्या ब्रुअरीला दोन-चार खोक्यांसाठी कोण दारात उभं करणार? इथूनच एकत्र कामाची गरज सुरू होते (प्रश्न ११ पाहा).

६. हॉपमधूनच पेरूचा वास येत असेल तर खरा पेरू कशाला घालता?

कारण वास म्हणजे चव नव्हे. हॉप नाकाला पेरू देतो, पण जिभेला देत नाही. पेरूचा किंचित आंबटपणा, गराची ती भरीव, थोडी रवाळ जाणीव, जांभळाचा तुरटपणा, रंग, हे सगळं फळातूनच येतं. उलट बाजूने पाहिलं तर फळाचा वास आंबण्यात बराचसा निघून जातो, आणि जो उरतो तो शिजल्यासारखा लागतो. तेव्हा फळाने अंग द्यायचं आणि हॉपने वास. दोघांचं जमलं तर पिणाऱ्याला फळ कुठे संपलं आणि हॉप कुठे सुरू झाला हे कळत नाही. आमची सगळी धडपड या एका गोष्टीसाठी असते.

७. फळाची बिअर म्हणता, मग गोड का नाही?

फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. राहतं ते आम्ल, टॅनिन, रंग आणि वासाचा काही अंश. गोड लागणाऱ्या फळांच्या बिअरमध्ये एक तर शेवटी रस घातलेला असतो किंवा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, जी बिअरचं यीस्ट खाऊ शकत नाही. आंबून झाल्यावर रस घालून तसंच डब्यात भरणं धोक्याचं आहे: आत आंबणं पुन्हा सुरू होतं, दाब वाढतो आणि डबे फुटतात.

८. कोणत्या फळाला कोणता हॉप जातो?

यावर मी तासन्‌तास बोलू शकतो, पण कामापुरतं सांगतो.

*पेरू.* आमचं सगळ्यात यशस्वी फळ. लिटरमागे १०० ते २०० ग्रॅम गर, तोही आंबणं निम्म्यावर आल्यावर. बिया काढलेल्या असाव्यात. सोबत क्रश किंवा सिट्रा. दोन्हीकडची थायॉल एकमेकांना उचलून धरतात. गुलाबी गराचा पेरू घेतला तर रंग छान येतो, पण पांढऱ्या गराला वास जास्त, म्हणून आम्ही मिसळतो.

*जांभूळ.* जून-जुलैचे मोजके दिवस. गर काढताना बी फुटता कामा नये, नाहीतर तुरटपणा घशात बसतो. जांभळाचा रंग आम्लतेवर अवलंबून असतो. साध्या बिअरमध्ये, जिचा पीएच ४.२ ते ४.५ असतो, तो मळकट जांभळा दिसतो. आंबट बिअरमध्ये, साधारण ३.३ ला, तोच लालभडक होतो. म्हणून जांभूळ आम्ही आंबट बिअरमध्येच घालतो, जी उकळण्याआधी लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी आंबवलेली असते. हॉप मोझेक किंवा नेल्सन सोविन, आणि तोही बेताने. आंबटपणा आणि हॉपचा कडवटपणा एकत्र आले की तोंड वाकडं होतं.

*संत्रं.* आगर-शाजापूरकडचं. रस घालून फार काही हाती लागत नाही, खरी मजा सालीच्या वरच्या केशरी थरात आहे. पांढरा भाग अजिबात नको. मंदारिना बव्हेरिया यासाठीच जन्मल्यासारखा आहे.

*आंबा.* सगळे मागतात आणि सगळ्यात अवघड हाच. गर आंबला की आंब्याची ओळख पुसट होते, राहतो तो पिवळा गढूळपणा. इथे हॉपवर जास्त विसंबावं लागतं: सिट्रा आणि एल डोराडो. कट्ठीवाड्याच्या नूरजहाँ आंब्याची बिअर करा असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. झाडं मोजकी, एकेक फळ दोन-तीन किलोचं आणि नगावर विकलं जाणारं. ते फळ कापून खावं, टाकीत घालू नये.

९. सीताफळाची बिअर का करत नाही? मांडूचं सीताफळ तर आपलंच.

करायची फार इच्छा आहे. अडचण ही की सीताफळाचा गर तापवला की कडू होतो. बाकीची फळं आम्ही टाकीत घालण्याआधी ७०-७५ अंशांवर थोडा वेळ धरतो, म्हणजे सालीवरचे रानटी यीस्ट आणि जिवाणू मरतात. सीताफळाला हे करता येत नाही. एकाच फळाचा गर दोन वाट्यांत घ्या, एक गॅसवर गरम करा, एक तशीच ठेवा. पहिलीचा रंग गुलाबीसर तपकिरी होतो, आणि चमचा तोंडात घातला की जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळतो. दुसरी वाटी रबडीत घालावी अशी.

मार्ग एकच: स्वच्छतेने काढून लगेच गोठवलेला गर, थंडच, अगदी शेवटी घालायचा, बिअर सतत थंड ठेवायची आणि थोड्या दिवसांत संपवायची. टाकी त्या काळात दुसऱ्या कशाला देता येत नाही. हॉप म्हणून साब्रो, त्याच्या नारळासाठी. जोडीला कुणी ब्रुअरी मिळाली तर नक्की करू.

१०. आणि मांडूची चिंच?

मांडूला गोरखचिंचेची, म्हणजे बाओबाबची, जुनी प्रचंड झाडं आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा कोरडा, आंबट गर आंबट बिअरला फार शोभतो. फक्त त्यात पेक्टिन खूप असतं, त्यामुळे बिअर कायमची गढूळ राहते. पेक्टिन तोडणारं विकर (एन्झाइम) आधी घालावं आणि गर उकळू नये. वासाचा हॉप सोराची एस, जपानचा, लिंबाच्या वासाचा.

११. ‘कोलॅबरेशन’मध्ये दोन ब्रुअऱ्या प्रत्यक्षात काय करतात?

सगळं आधी फोनवर सुरू होतं. कोणती बिअर, कोणतं फळ, कोणाकडे कोणता हॉप शिल्लक आहे. मग कृती लिहिली जाते: माल्टचं प्रमाण, उकळण्याची वेळ, हॉपचं वेळापत्रक, यीस्ट. नंतर पाहुणा ब्रुअर यजमानाकडे येतो, दोघं मिळून एक दिवस बिअर चढवतात. पहाटे माल्ट दळण्यापासून संध्याकाळी थंड वर्ट (माल्टचं अजून न आंबलेलं गोड पाणी) टाकीत जाईपर्यंत. आंबणं यजमानच सांभाळतो आणि रोजचे आकडे पाहुण्याला कळवतो. ड्राय हॉपिंग कोणत्या दिवशी, फळ कधी, हे निर्णय दोघांनी घ्यायचे.

पुण्याच्या मित्रांबरोबर पेरूची बिअर केली तेव्हा त्यांनी करारातला हॉप आणला, आम्ही फळ. पोती उघडल्यावर पहिलं काम वास घेण्याचं. हॉपच्या गोळ्या (बोंडं दळून, दाबून केलेल्या) चिमूटभर तळहातावर घ्यायच्या, दुसऱ्या हाताने चोळायच्या, हात गरम झाले की ओंजळ नाकाशी न्यायची. पहिल्या दमात हिरवं गवत येतं, दुसऱ्यात फळ. एका पिशवीत त्यांना लसणाचा अंश जाणवला, आम्हालाही. तो हॉप उशिरा तोडलेला होता. तोडणीला उशीर झाला की कांदा-लसणाकडे झुकतो. ती पिशवी आम्ही कडवटपणासाठी उकळीत वापरली आणि बाकीच्या वासासाठी ठेवल्या. हा निर्णय मी एकट्याने घेतला नसता. दोन नाकं लागली.

१२. मग ही निव्वळ जाहिरात नसते का?

काही वेळा असते. दोन नावं एका फलकावर, बिअर नेहमीचीच. ओळखायची सोपी खूण: या बिअरमध्ये दुसऱ्या ब्रुअरीमुळे काय आलं, हे विचारा. हॉप, यीस्ट, पद्धत, फळ, काहीतरी ठोस उत्तर यायला हवं.

या प्रथेचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन ब्रुअऱ्यांच्या एकेका बिअरचं नाव एकच होतं, सॅल्व्हेशन. कोर्टात जाण्याऐवजी त्यांनी दोन्ही बिअर मिसळून एक नवी काढली आणि २००६ मध्ये ‘कोलॅबरेशन नॉट लिटिगेशन’ या नावाने विकली. भांडणाच्या जागी ओतलेली बिअर म्हणून मला ती गोष्ट फार आवडते.

१३. पुण्याची तयार बिअरच इंदुरात का नाही आणत?

दारू हा राज्यांचा विषय आहे. ती जीएसटीतही नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिअर न्यायची तर दोन्हीकडची परवानगी, शुल्क, नोंदणी, सगळं आलं, आणि मायक्रोब्रुअरीची बिअर मुळात त्याच जागी पिण्यासाठी असते. त्यामुळे आपल्याकडे बिअर प्रवास करत नाही, माणसं आणि हॉप करतात. बिअर इथल्या पाण्यात, इथल्या टाकीत, इथल्या आबकारी खात्याच्या नोंदीत होते.

१४. हॉप इंदुरात लावता येईल का? आमचं महूजवळ शेत आहे.

वेल जगेल, बोंडं धरणार नाही, किंवा नावापुरती धरेल. हॉपला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात आणि हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती. अमेरिकेतल्या याकिमा खोऱ्यात जूनमधला दिवस पावणेसोळा तासांच्या आसपास असतो, इंदुरात साडेतेरा. भारतात हॉपची शेती झाली आहे ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात, तिथली थंडी आणि उंची वेगळी. कृत्रिम प्रकाशात प्रयोग होतात, पण व्यापारी शेतीचा हिशोब जमत नाही. त्या शेतात पेरू लावा (प्रश्न २३ पाहा).

१५. बिअर गढूळ होती. खराब झाली होती का?

बहुधा नाही. गहू आणि ओट्समधली प्रथिनं व हॉपमधली पॉलिफेनॉल मिळून हा गढूळपणा तयार होतो, आणि ‘हेझी’ प्रकारात तो मुद्दाम ठेवतात. फळाचं पेक्टिनही भर घालतं. खराब झाल्याच्या खुणा वेगळ्या: रंग पिवळ्यावरून राखाडी-तपकिरी होणं, वासाला ओला पुठ्ठा, फळाचा मागमूस नाही. ते हवेतल्या ऑक्सिजनचं काम. असा ग्लास आला तर परत करा, संकोच करू नका.

१६. बिअर शाकाहारी असते का?

इंदुरात हा प्रश्न येणारच, आणि तो अगदी रास्त आहे. माल्ट, हॉप, यीस्ट, फळ यांत काही मांसाहारी नाही. पण बिअर स्वच्छ दिसावी म्हणून काही ठिकाणी आयसिंग्लास वापरतात, ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून बनतं. जिलेटिनही वापरलं जातं. आम्ही दोन्ही वापरत नाही. लागलंच तर आयरिश मॉस, म्हणजे समुद्री शेवाळ. गढूळ बिअरला तर गरजच नसते. दुसरीकडे गेलात तर ‘फायनिंगसाठी काय वापरता’ एवढंच विचारा, ब्रुअरला कळेल. लॅक्टोज घातलेली बिअर शाकाहारी असते, पण दूध न चालणाऱ्यांसाठी नाही.

१७. फळ आहे म्हणजे तब्येतीला बरी का? बाबांना मधुमेह आहे.

नाही. फळ घातल्याने बिअरचं औषध होत नाही, अल्कोहोल ते अल्कोहोलच. साखर बरीचशी आंबून गेली तरी उष्मांक राहतात. मधुमेहाची काही औषधं आणि इन्सुलिन चालू असताना अल्कोहोलमुळे रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. बाबांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. बार्ली आणि गव्हामुळे ग्लूटेन असतं, तेव्हा ग्लूटेन न सोसणारा आजार, म्हणजे सिलिअ‍ॅक असलेल्यांनी टाळावी. गरोदर बाईने अजिबात घेऊ नये.

१८. फलकावर ५ टक्के लिहिलं होतं, पण जास्त चढली. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि त्यामागे एक खरं कारण आहे. हॉपमध्ये स्वतःची विकरं असतात. थंड बिअरमध्ये भरपूर हॉप घातला की ती न आंबणाऱ्या साखरा तोडतात, यीस्टला पुन्हा खाद्य मिळतं, आणि आंबणं संपलं असं वाटत असताना अल्कोहोल थोडं वाढतं. याला ‘हॉप क्रीप’ म्हणतात. सोबत डायअसिटिल तयार होतं, म्हणजे लोण्याचा वास. फळाची साखर वर पडली तर हिशोब आणखी बिघडतो.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि त्यावर ८ पर्यंत स्ट्राँग. ५ च्या काठावर आखलेली बिअर हॉप क्रीपने पलीकडे गेली तर ती वेगळ्या वर्गात जाते. म्हणून अशी बिअर आम्ही साडेचारच्या आसपास आखतो, हॉप घातल्यावर पुन्हा घनता मोजतो, आणि सलग दिवस आकडा हलला नाही तरच थंड करतो.

१९. घशाला खरखर का होते? हॉप जास्त झाला का?

हो. हॉपच्या पानांचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल बिअरमध्ये तरंगत राहिले की घसा ओढल्यासारखा होतो. आणखी आठवडाभर थंड ठेवली तर बरंच बसतं. ‘जास्त हॉप म्हणजे जास्त वास’ हा समज मात्र सोडायला हवा. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कॅस्केडवर केलेल्या अभ्यासात लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे फायदा घटत जातो असं दिसलं. फळ घातलेल्या बिअरमध्ये आम्ही त्याच्याही खाली राहतो.

२०. घरी नेता येईल का? किती दिवस टिकते?

घरी नेण्याचं उत्तर १३ मध्ये आलंच: ही बिअर त्याच जागी पिण्यासाठी असते. टिकण्याचं म्हणाल तर हॉपचा वास पहिले तीन-चार आठवडे भरात असतो, तेही थंडीत. उज्जैनचे बरेच वाचक विचारतात म्हणून सांगतो: १ एप्रिल २०२५ पासून तिथे दारूविक्री बंद आहे, त्यामुळे तिकडे आमची बिअर कधी मिळेल हा प्रश्नच नाही. इंदूरला आलात तरी पिऊन गाडी चालवत परतू नका.

२१. घरी करून पाहू का? ऑनलाइन किट मिळतात.

नको. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, घरच्यासाठी असली तरी. हॉपचा नाद लागला असेल तर बिनअल्कोहोलचं पेय करा: हॉपच्या थोड्या गोळ्या ७०-७५ अंशांच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, गाळा, थंड करा, सोडा आणि लिंबू घाला. उकळू नका, कडू होईल. कुत्रा पाळला असेल तर उरलेला हॉप त्याच्या तोंडी लागू देऊ नका, कुत्र्यांना तो विषारी आहे.

२२. सोबत काय खावं?

कडवट बिअर तिखट आणखी तिखट करते. म्हणून जिरावण (आपला इंदुरी मसाला) भुरभुरलेल्या पदार्थांबरोबर आयपीए, म्हणजे भरपूर हॉपची कडू बिअर, नको, कमी कडवट फळाची बिअर हवी. हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद) आणि पेरूची बिअर: गरम, कुरकुरीत, वर लिंबू. याहून चांगली जोडी मला माहीत नाही. भुट्ट्याच्या किसाबरोबर संत्र्याची. जांभळाची आंबट बिअर खोपरा पॅटीसबरोबर. आंब्याची नुसतीच प्यावी.

२३. आमच्या बागेतलं फळ घ्याल का?

आनंदाने. फळ दिसायला सुंदर नसलं तरी चालतं, पण पूर्ण पिकलेलं हवं, कारण वास शेवटच्या दोन-तीन दिवसांतच भरतो. शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते लिहून द्या. आधी थोडं फळ नमुना म्हणून पाठवा. आम्ही साखर आणि आम्लता मोजतो आणि कोणत्या बिअरला जाईल ते सांगतो. पेरूचा मोठा भाग आम्हाला हिवाळ्याच्या बहाराचा लागतो, तेव्हा बोलणं दिवाळीच्या आधी व्हायला हवं, कारण हॉपही त्याच सुमारास मागवावे लागतात: उत्तर गोलार्धातली तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरात होते आणि नवा माल त्यानंतर निघतो. जांभूळवाल्यांनी मात्र एप्रिलमध्येच कळवावं.